तळं सोडताना जपा: पाट्या नसलेल्या वाटेवरचा एक लांब दिवस

तिसऱ्या तळ्याच्या काठाने छान मळलेली वाट होती. इतकी छान, की नकाशा काढावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. पाऊण तास चाललो आणि वाट एका सपाट दगडापाशी येऊन संपली. दगडावर गळाची गुंतलेली दोरी, एक गंजलेला डबा, आणि पुढे पाणी. ती मासे धरणाऱ्यांची वाट होती. त्यांना जिथे जायचं असतं तिथे ती अगदी बरोबर पोहोचली होती. आमची वाट मागेच, तळ्याच्या टोकाला, एका झुडपाआडून वर चढून गेली होती. जाऊन-येऊन दीड तास गेला, आणि शेवटचा उतार आम्ही बॅटरीच्या उजेडात उतरलो.

तळ्यांच्या वाटेची ही गंमत आहे. एवढं मोठं पाणी समोर असताना आपण कुठे आहोत हे सहसा कळतं. घोळ होतो तो तळं सोडून पुढे निघताना. पाट्या असतील तर तो निर्णय पाटी घेते. नसतील तर आपल्याला घ्यावा लागतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच गप्पा मारत पुढे जातो. पहिल्यांदाच अशा वाटेवर दिवसभरासाठी निघणार असाल, तर तयारीपासून परत येईपर्यंत काय काय करायचं ते ओळीने सांगतो.

घरी बसून: तळी मोजा, तोंडं शोधा

नकाशा कागदाचा घ्या. 1:50,000 चा चालेल, 1:25,000 चा मिळाला तर उत्तम. पहिल्यात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर, दुसऱ्यात 250. पसरून बसा आणि वाटेतलं प्रत्येक तळं पेन्सिलीने क्रमांक घालून मोजा. नकाशावर नाव असो वा नसो, तुमच्यासाठी ते तळं एक, तळं दोन.

मग प्रत्येक तळ्यापाशी थांबून बघा: पाणी कुठून येतं आणि कुठून जातं? तळ्याला मिळणारे ओढे चार-पाच असू शकतात, पण बाहेर पडणारा ओढा बहुधा एकच असतो. त्यामुळे तळ्याच्या सगळ्या काठावर ती एक जागा अशी, की तिथे उभं राहिलं की नकाशावरचा आपला ठिपका पक्का होतो. कोणता ओढा येणारा आणि कोणता जाणारा हे कळत नसेल तर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. ओढा ओलांडताना या रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळतात आणि त्या व्हीचं टोक नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे पाणी जिथून येतं तिकडे असतं.

एक सावधगिरी. तळं बांधलेलं असेल, म्हणजे धरणाचं किंवा बंधाऱ्याचं, तर त्याचा काठ नकाशावर असतो तिथे असेलच असं नाही. पाणी भरलेलं असेल तेव्हा काठची वाट पाण्याखाली, आणि उतरलेलं असेल तेव्हा नकाशातल्या काठापासून पाण्यापर्यंत चिखलाचा मोठा पट्टा. लहान तळी कोरड्या दिवसांत आटूनही जातात, तेव्हा मोजणीत नुसत्या छोट्या डबक्यांवर विसंबू नका.

वेळेचा हिशोब, जरा कंजूषपणे

1892 मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशोब मांडला, तो अजून चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट 22 किलोमीटर आहे आणि सगळे चढ मिळून 700 मीटर. अंतराचे जवळपास 4 तास 25 मिनिटं, चढाचे 1 तास 10 मिनिटं. एकूण साडेपाच तासांच्या आसपास.

यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, नकाशा बघायला थांबणं नाही, चिखल नाही. नेस्मिथचा माणूस तंदुरुस्त आहे आणि त्याला वाट ठाऊक आहे. पाट्या नसलेल्या वाटेवर नवख्यांनी या आकड्यात निम्मी भर घालावी असं माझं मत आहे. म्हणजे सव्वाआठ तास, आणि खाणं-बसणं धरून नऊ. सूर्य सहा वाजता मावळत असेल तर चारपर्यंत वाट संपवायची, म्हणजे सकाळी सातला पाय वाटेवर हवेत. ‘आठ-साडेआठला निघू’ म्हणणारा सोबती प्रत्येक गटात असतो. त्याला हा हिशोब आदल्या रात्रीच दाखवावा, सकाळी दाखवून उपयोग नसतो.

शिवाय एक परतीची वेळ ठरवा. गोल फिरून येणारी वाट असेल तर अर्ध्यावरच्या तळ्याला किती वाजेपर्यंत पोहोचलं पाहिजे ते आधीच ठरवून लिहून ठेवा. ती वेळ टळली तर तिथूनच मागे. हा निर्णय घरी घ्यायचा, कारण तिथे तळ्याकाठी बसल्यावर पुढचं तळं नेहमी ‘हे काय, इथेच’ वाटतं.

चिठ्ठी

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि त्यावर तळ्यागणिक चार ओळी लिहा. माझ्या एका चिठ्ठीतला मजकूर असा होता:

‘तळं 2. पूर्व काठाने. दक्षिण टोकाला निघणारा ओढा, तो ओलांडायचा. ओढ्यानंतर लगेच काठ सोडून आग्नेयेला चढ, 120 मीटर. खिंड. 40 मिनिटांत तळं 3 खाली उजव्या हाताला दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर खिंड चुकली.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. काय दिसायला हवं एवढंच लिहून भागत नाही, ते दिसलं नाही तर त्याचा अर्थ काय तेही लिहा. आणि काठाला डावा-उजवा म्हणण्यापेक्षा पूर्व-पश्चिम म्हणा. मागे वळायची वेळ आली की डाव्याचं उजवं होतं, आणि दमलेलं डोकं त्यातच अडकतं. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा. सॅकच्या तळाशी ठेवलेला नकाशा कुणी काढत नाही.

फोनचं काय?

फोन जरूर वापरा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उपग्रहांचे संकेत तो थेट पकडतो. नकाशा मात्र आधी उतरवून घ्यावा लागतो. घरी एकदा इंटरनेट बंद करून नकाशा उघडतोय का ते तपासा. वाटेत फ्लाइट मोडवर ठेवा, कारण नेटवर्क नसलेल्या जागी फोन ते शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपवतो. थंडीत बॅटरी लवकर बसते, तेव्हा फोन अंगालगतच्या खिशात, आणि पॉवर बँक सोबत.

दुसऱ्या कुणी चालून जीपीएसने नोंदवलेली वाटेची रेघ मिळाली तर ती आधी डोळसपणे वाचा. रेघेत कुठे गाठ पडल्यासारखी दिसते का? तिथे तो माणूस शोधत फिरला होता, म्हणजे तुम्हीही तिथेच अडखळणार. ती जागा चिठ्ठीवर टिपून ठेवा. रेघ तळ्यावरून सरळ पलीकडे गेलेली दिसली तर ती एकतर हाताने काढलेली आहे किंवा हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून चाललेल्याची. दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत.

फोनच्या जोडीला होकायंत्र. नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत जागेनुसार फरक असतो. तो नकाशाच्या कडेला छापलेला असतो आणि वर्षांगणिक थोडाथोडा बदलतो. फरक 1 अंशाचा असेल तर 1 किलोमीटरवर जेमतेम 17 मीटरची चूक, सोडून द्या. 10 अंशांचा असेल तर मात्र 175 मीटर, आणि तेवढ्यात खिंड हुकते.

सॅक

यावर फार लिहीत नाही. पावसाचं जाकीट, एक गरम थर, सुके मोजे, हेडटॉर्च (दिवसाची चाल असली तरी), शिट्टी, प्रथमोपचार, ठरलेल्या खाण्याहून एका वेळेचं जास्त खाणं. उंचीवर हवा दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि उघड्या पाण्यावरून येणारा वारा त्याहून जास्त गारठवतो. वापरलेले बूट घाला. नवे बूट लांबच्या वाटेवर पहिल्यांदा घालू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवेळी कुणीतरी घालतंच.

आणि एक माणूस, जो तुमच्यासोबत येत नाहीये. त्याला वाट, तळ्यांचा क्रम, परतायची वेळ आणि ‘अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर मदत बोलव’ हे चारही लेखी द्या.

पहिलं तळं: इथे घाई करू नका

पहिल्या तळ्यापर्यंत वाट बहुधा सोपी असते, कारण तिथपर्यंत सगळेच येतात. त्यातून वाटतं की पुढेही अशीच असेल. नसते. इथे दहा मिनिटं बसा आणि नकाशा जमिनीशी जुळवून घ्या: होकायंत्र ठेवा, नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला वळवा, मग तळ्याचा आकार, बेट, खाचखळगे, पलीकडचं टेकाड एकेक करून ओळखा. हे जिथे सोपं आहे तिथे करून हात बसला तर चौथ्या तळ्यावर धुक्यात जमतं.

किती वेळात पोहोचलात तेही बघा. चिठ्ठीत तास लिहिला होता आणि दीड लागला असेल, तर पुढचे सगळे आकडे आत्ताच दीडपट करा.

काठाने चालताना

काठ हा उत्तम कठडा आहे. पाणी एका बाजूला ठेवलं की चुकायची सोय नाही. पण तीन गोष्टी सांगायला हव्यात.

पाण्यापलीकडचा काठ फसवतो. मध्ये झाड नाही, दगड नाही, त्यामुळे डोळ्याला अंतर कळत नाही. समोर 1 किलोमीटरवर दिसणारं टोक गोल तळ्याच्या काठाने गेलं तर दीड किलोमीटरच्या वर पडतं, आणि खरं तळं कधी गोल नसतं. हे वाचवायला पाण्यातून चालत किंवा पोहत जायचा मोह होतो. थंड पाण्यात एकदम उतरलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो. वळसाच घ्या.

दुसरं, जिथे ओढे तळ्याला येऊन मिळतात तिथे गाळ साचतो. वरून हिरवंगार गवत, खाली दलदल. पाय टाकण्याआधी काठीने चाचपून बघा, आणि शंका आली तर चढाच्या बाजूने वळसा घाला. बर्फ वितळून येणारा ओढा सकाळी अरुंद असतो आणि दुपारनंतर फुगतो. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर तिथे उतरू नका. वर जाऊन रुंद, उथळ जागा शोधा आणि ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे घसरलात तर ती अंगावेगळी करता येईल.

तिसरं म्हणजे खोट्या वाटा, आणि तळ्याकाठी त्या भरपूर असतात. गुरांच्या आणि जंगली जनावरांच्या वाटा पाण्याकडे येतात आणि पाण्यापाशी संपतात. त्या खाली वाकलेल्या फांद्यांखालून सरळ निघून जातात. वाट कमरेच्या उंचीच्या फांदीखालून जात असेल तर ती माणसासाठी पडलेली नाही. मासे धरणाऱ्यांच्या वाटा जास्त फसव्या, कारण त्या खरंच माणसांनी मळलेल्या असतात. त्यांची खूण अशी की त्या काठाला चिकटून राहतात आणि दर थोड्या अंतरावर एक फाटा पाण्याशी उतरतो. लांब जाणारी वाट काठापासून जरा वरून, कोरड्या जमिनीवरून जाते. तिच्यावर घासून गुळगुळीत झालेले दगड, कापलेल्या फांद्यांची टोकं, कुठे दगडांची लगोरी, झाडावर विटलेल्या रंगाचा पट्टा सापडतो. एक लगोरी दिसली म्हणून हुरळू नका, कारण हौसेने रचलेल्याही पुष्कळ असतात. तिच्यापाशी उभं राहून पुढची दिसते का ते बघा.

तळं सोडताना

आता मुख्य गोष्ट. चिठ्ठीत लिहिलेली काठ सोडण्याची जागा जवळ आली की गप्पा बंद. गटात एकाला हे काम द्या: ‘ओढा आला की थांबव’. ओढ्यापाशी पोहोचलात की सॅक खाली, नकाशा बाहेर, होकायंत्र हातात. वाटेची दिशा पुढे कुठे जायला हवी ते आधी नकाशावरून काढा आणि मगच समोर वाट शोधा. उलट केलंत, म्हणजे आधी वाट दिसली आणि मग ती नकाशात बसवली, तर कुठलीही वाट बसते. डोकं आपल्याला हवं तेच जुळवून दाखवतं. त्या दिवशी तिसऱ्या तळ्यावर आम्ही नेमकं हेच केलं होतं. नकाशात वाट काठाला लागून होती, समोर वाट काठाला लागून होती, झालं. नकाशातली 300 मीटरवर वळते हे कुणी पाहिलंच नाही.

योग्य फाटा सापडला तरी निघण्याआधी मागे वळून एकदा बघा आणि फोटो काढा. परत फिरावं लागलं तर हीच जागा उलट्या बाजूने दिसणार आहे, आणि तेव्हा ती अजिबात ओळखीची वाटत नाही.

निघाल्यावर पाच मिनिटांनी होकायंत्र पुन्हा बघा. आग्नेयेला जायला हवं होतं आणि पश्चिमेला चाललोय, हे पाच मिनिटांनी कळलं तर हसण्यावारी जातं. तासाने कळलं तर दिवस जातो.

दोन तळ्यांच्या मध्ये

इथे वाट विरून जाऊ शकते, विशेषतः खडकाळ पठारावर. तेव्हा पावलं मोजायची सवय कामी येते. सपाटीवर 100 मीटरला साधारण 60 ते 70 जोडपावलं पडतात (डावा पाय टेकला की एक). आपला आकडा घराजवळ मोजून ठेवा. चढावर तो वाढतो.

दुसरी युक्ती मला फार आवडते. पुढच्या तळ्याच्या निघणाऱ्या ओढ्याला पोहोचायचं असेल तर थेट त्याच्यावर नेम धरू नका. मुद्दाम थोडं उत्तरेला धरा. मग काठ लागला आणि ओढा दिसला नाही, तर तो नक्की दक्षिणेला आहे. थेट नेम धरला असता तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे, यात अर्धा तास गेला असता.

मराठीत चकवा लागला म्हणतात, ते नुसतं गावगप्पांमधलं नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा माग ठेवला. जंगलात ढगाळ दिवशी लोक गोल फिरले आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सूर्य दिसत होता तेव्हा ते बरेच सरळ चालले. तेव्हा धुकं किंवा ढग उतरले की ‘मला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. होकायंत्र धरा, त्या दिशेचा एखादा दगड निवडा, तिथपर्यंत जा, मग पुढचा.

पाणी

तळ्यांची वाट म्हणून रिकामी बाटली घेऊन निघू नका. निघताना दोन लिटर तरी भरलेलं असावं. वाटेत भरायचं तर काठच्या साचलेल्या पाण्यापेक्षा वाहत्या ओढ्याचं घ्या आणि उकळून घ्या: खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट, 2000 मीटरपेक्षा उंचीवर 3 मिनिटं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते भरूच नका. तशा शेवाळात विष असू शकतं आणि ते उकळल्याने जात नाही.

चुकलात तर

दहा मिनिटं झाली, खूण नाही, चिठ्ठीतलं काही जुळत नाही: थांबा. बसा, पाणी प्या, काहीतरी खा. मग शेवटची खात्रीची जागा आठवा, जी बहुधा एखादं तळंच असेल, आणि आल्या पावली तिथे परत जा. मधूनच आडवं कापून वाट गाठू असा विचार येईल. तो सोडून द्या. ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेलं की वस्ती लागते, हाही सल्ला ऐकू येतो. ओढा कड्यावरूनही उडी मारतो, आपल्याला ती मारता येत नाही.

हात लांब करून सूर्याची खालची कड आणि क्षितिज यांमध्ये बोटं आडवी धरा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं उजेड. ध्रुवांकडच्या प्रदेशात सूर्य फार तिरका मावळतो, तिथे हा हिशोब चालत नाही. आणि पश्चिमेला डोंगर असेल तर सावली त्याआधीच येते. चारपेक्षा कमी बोटं उरली असतील आणि वाट सापडलेली नसेल, तर शोध थांबवा. वाऱ्याच्या आड, पाण्यापासून थोडं वर जागा बघा, सगळे कपडे अंगावर चढवा, सगळे एकत्र रहा. मदतीसाठी शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. पलीकडून मिनिटाला तीन आल्या तर तुमचा आवाज पोहोचला. 112 हा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, तरी जिथे जाताय तिथला क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा. बोलणं लागत नसेल तर मजकूर पाठवून बघा. क्षीण नेटवर्कमध्ये तो कधीकधी निघून जातो.

शेवटच्या तळ्यानंतरचा उतार बहुतेकांना सोपा वाटतो आणि घोटे तिथेच मुरगळतात, कारण पाय दमलेले आणि लक्ष घराकडे लागलेलं. तेवढा तास हळू चाला. खाली पोहोचलात की पहिल्यांदा त्या घरी थांबलेल्या माणसाला ‘पोहोचलो’ असा निरोप पाठवा, आणि मग बूट काढा. आमच्या त्या दीड तासाच्या दिवशी आम्ही आधी बूट काढले. निरोप आठवला तेव्हा तो बिचारा मदतीसाठी दुसरा फोन लावत होता.